बाईला फुटलेला पान्हा

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून मीही तिला बाईच म्हणायची. आई गेल्यावर वडिलांनी मला बाईच्या सासरी आणून सोडलं. गाव दरेकशाच्या अलीकडे, जंगलाला टेकलेलं. दिवसातून काही वेळा रेल्वेची शिटी ऐकू यायची, आणि त्यापलीकडे बाहेरच्या जगाचा आमच्याशी फारसा संबंध नव्हता.

आईचा चेहरा मला नीट आठवत नाही. आठवतो तो कडुलिंबाच्या पाल्याचा वास, आणि त्या पाल्याखालून येणारा दुसरा वास. आणखी एक गोष्ट आठवते. मी तिच्या कुशीत झोपायची तेव्हा माझ्या गालाला तिच्या छातीत काहीतरी टणक लागायचं. कच्च्या आवळ्याएवढं असेल. मी त्याला बोटानं ढकलून बघायची आणि आई माझं बोट हळूच बाजूला करायची. तिला दुखायचं म्हणून नव्हे. ते दुखत नाही असंच ती सगळ्यांना सांगायची, आणि दुखत नाही म्हणून कोणी विचारतही नव्हतं. पुढे त्याला तोंड पडलं. गावानं सांगितलं की छातीत फोड झाला. आईची धाकटी बहीणही तशीच गेली होती. तेव्हा दोघींचा मिळून देवीचा एकच कोप ठरला आणि एक बकरा कापला गेला. दोघी एका आईच्या लेकी, याचा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही.

बाई माझ्यापेक्षा बरीच मोठी. तिच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती की तिच्याबरोबर सासरी आलेल्या बायकांच्या पोरी आता लग्नाच्या झाल्या होत्या. बाईला मूल नव्हतं. एवढ्या एका गोष्टीसाठी तिला घरात जे ऐकावं लागायचं ते मी आजही लिहू शकत नाही. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात ती सगळ्यांच्या पुढे असायची, धान कापताना सगळ्यांच्या पुढे, आणि जेवायला सगळ्यांच्या मागे. भाऊजी वाईट माणूस नव्हता. त्याला नुसतं तोंड नव्हतं. आई जे म्हणेल ते तो मान हलवून ऐकायचा, आणि त्या वर्षी त्याची आई म्हणत होती की दुसरी बायको करायची. मुलगीही बघून झाली होती. रोवणा संपला की बोलणी पक्की करायची, असं ठरलं होतं.

रोवणा संपता संपताच ते झालं.

बाई आंघोळीला बसली होती आणि मी तिची पाठ चोळत होते. हात बगलेकडून पुढे गेला आणि थांबला. बोराएवढी गाठ. मी पुन्हा बोट लावलं. ते बोट मला माझंच वाटेना, ते त्या जुन्या दिवसांतल्या छोट्या पोरीचं बोट होतं. मी काही बोलायच्या आत बाईच म्हणाली, "तुलेबी लागली का? मले मागच्या महिन्यापासून लागून राहिली."

बाईची पाळी तिच्या मनाची होती, कधी दोन दोन महिने पत्ता नसायचा. तेव्हाही नव्हता. त्यात एक दिवस तिच्या चोळीला पिवळट डाग दिसला. सासूच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

"का वो, काऊन लपवून राहिली? दाखव मले," ती म्हणाली, आणि बाईला स्वयंपाकघरात ओढून नेऊन तिनं स्वतःच्या हातानं दाबून पाहिलं. एक थेंब आला. सासूनं तो बोटावर घेतला, उजेडाकडे धरला, आणि मी त्या म्हातारीला कधी हसताना पाहिलं नव्हतं ती हसली.

"चीक हाये हा! अवो, दिवस गेले तुले!"

गाठ कडक झाली, चीक आला, पाळी चुकली. आणखी काय पाहिजे? गावच्या सुइणीनं येऊन पोटावर हात ठेवला आणि तीही हो म्हणाली. म्हातारीनं बोलावलं आणि म्हातारीनं लुगडं देऊ केलं, मग ती नाही कशी म्हणणार! आमच्यात तिसरा महिना पुरा होईस्तोवर ही गोष्ट बाहेर सांगत नाहीत. पण सासूला एवढा धीर कुठला. तिनं त्याच दिवशी घरोघर गूळ वाटला. दुसऱ्या बायकोची बोलणी मोडली. भाऊजीनं स्वतः जाऊन मुलीच्या बापाला निरोप दिला आणि परत येताना बाईसाठी हिरव्या बांगड्या आणल्या.

मी आईची गाठ विसरले नव्हते. दुसऱ्याच दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले, "बाई, आईलेबी अशीच गाठ होती. मी हात लावला होता."

सासूनं माझ्या तोंडात अशी मारली की कान वाजत राहिला. "तोंड धू आपलं! सुखाच्या घरात मढं कायले आणून राहिली?"

माराचं मला काही वाटलं नाही, ती नेहमीची होती. पण नंतर बाईनं मला गोठ्यात नेलं आणि माझा हात आपल्या पोटावर ठेवला. "तू चूप राय. तुले का समजते? मले आतून समजून राहिलं." तिचे डोळे इतके उजळलेले होते की मी मान डोलावली. मी बोलले काय आणि न बोलले काय, त्या घरात ऐकायला कान कोणाचे होते? आणि सगळ्यांत बंद कान बाईचेच होते. गाठ म्हणजे मूल नसेल तर ती काय आहे, हे तिला जाणून घ्यायचंच नव्हतं, कारण मूल नसेल तर सवत होती.

त्या दोन-तीन महिन्यांत बाईला जे सुख मिळालं तेवढं तिला जन्मात मिळालं नव्हतं. तिला डोक्यावर ओझं उचलू देत नव्हते. तिच्या ताटात आधी वाढत होते. सासू तिला चिंचेचं सार करून द्यायची आणि समोर बसून पिऊन घ्यायला लावायची. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा भरली, तेव्हा रात्री दंडारीच्या खेळाला बाई नवं लुगडं नेसून बायकांमध्ये पुढे बसली. एरवी ती मागे, भिंतीला लागून बसायची. दंडारीत कोणी विनोद केला की ती हसायची आणि हसताना एक हात पोटावर ठेवायची. मला आजही ते आठवलं की कोणाचा तरी गळा धरावासा वाटतो, आणि धरायचा तो कोणाचा हे कळत नाही.

मंडई झाली आणि बाई बाहेर बसली.

पाळी आली की आमच्यात बाईमाणसानं ओसरीच्या कोपऱ्यात वेगळं बसायचं. ते झाकून ठेवता येत नाही. सकाळी बाई कोपऱ्यात बसलेली दिसली आणि सगळ्या घराला कळलं. सुइणीला पुन्हा बोलावलं. तिनं पोट चाचपलं आणि यात मुळी काही नव्हतंच, असं अगदी साळसूदपणे सांगून ती निघून गेली. लुगडं मात्र तिनं परत केलं नाही.

गाव हसलं. गूळ खाल्लेल्या प्रत्येक घरातून कोणी ना कोणी येऊन विचारून गेलं. सासूला ते सहन झालं नाही आणि तिनं सगळं बाईवर काढलं. "फसवलं आमाले. पोराचं नाव सांगून बसून खाल्लं!"

बाई कोपऱ्यातून म्हणाली, "पर गाठ त हायेच ना, आत्याबाई. वाढून राहिली."

"आता गाठ झाली का? तवा दूध होतं ना?"

गाठ लहान होती तेव्हा तिला मूल म्हणून सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, आणि मोठी झाली तेव्हा नाटक म्हणून कोणी तिच्याकडे बघेना. मी भाऊजीला सांगून पाहिलं. तो म्हणाला, दुखत असेल तर बघू. बाई तर दुखत नाही म्हणत होती. ते खरंच होतं. आमच्या भागात दुखणं म्हणजे जे दुखतं ते. जे दुखत नाही ते घेऊन माणूस कामाला जातो, आणि बाई गेली. सगळं धान तिनं त्या हातानं कापलं.

उन्हाळ्यात सवत आली. तीच मुलगी, ती बघून ठेवलेली. मी ठरवलं होतं की हिचा जन्मभर रागराग करायचा. जमलं नाही. ती माझ्याहून थोडीच मोठी होती आणि आल्या दिवसापासून बाईचे पाय चेपायला बसायची. एकदा नदीवर बाईची चोळी धुताना तिनं डाग पाहिला. आता तो पिवळा नव्हता, तांबूस होता. तिनं चोळी नाकाशी नेली आणि माझ्याकडे पाहिलं. घरी येऊन तिनं सासूदेखत नवऱ्याला सांगितलं, "हे दुखणं हाये. मी पायलं. उद्या गाडी जुंपली नाही त मी माहेरी चाल्ली."

नव्या नवरीचं घरात चालतं. माझ्या बोलण्याला थप्पड मिळाली होती, तिच्या बोलण्याला बैल जुंपले गेले. याचा मला आनंद झाला आणि संतापही आला.

बैलगाडीनं स्टेशनवर, तिथून रेल्वेनं गोंदियाला. डॉक्टर पुरुष होता, आणि गोंदियात सगळे बोलतात तसा हिंदी बोलणारा. बाईनं पदर इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. डॉक्टरही भला माणूस, तो खिडकीबाहेर बघत राहिला आणि भाऊजीला म्हणाला, "दर्द होता है क्या, पूछो." भाऊजीनं बाईला विचारलं, "दुखते का?" बाईनं मान हलवली. "नहीं बोलती," भाऊजीनं सांगितलं. एवढ्यावर तपासणी झाली. लावायला मलम मिळालं. निघताना डॉक्टर म्हणाला की बरं वाटलं नाही तर नागपूरला बायकांच्या दवाखान्यात न्या, तिथं बाई डॉक्टर आहे.

बरं कसलं वाटतंय. पण तोवर पाऊस लागला, नाल्याला पूर आला आणि गाडी स्टेशनपर्यंत जाईना. मग रोवणा आला. रोवणा टाकून कोण नागपूरला जातं? मी रोज बाईला मलम लावायची. माझ्या बोटाखाली ती गाठ आता बोर नव्हती, आवळा नव्हती, आणि बगलेत तिच्या सोबतीला दुसऱ्या आल्या होत्या. मी मलम लावत होते आणि ते व्यर्थ आहे हे मला ठाऊक होतं. दसऱ्यानंतर आम्ही नागपूरला गेलो.

तिथं बाईला पहिल्यांदा कोणीतरी नवऱ्यामार्फत नव्हे, थेट विचारलं. डॉक्टरीणबाईंनी भाऊजीला बाहेर बसवलं, दार लावलं, आपले हात गरम पाण्यानं धुतले आणि मग बाईच्या पदराला हात लावला. बाईनं पदर सोडला. इतकं साधं होतं ते.

त्या तपासता तपासता विचारत होत्या. आई कशानं गेली? आईच्या बहिणी? मूल झालं का? अंगावर कधी पाजलं का? मी एकेक उत्तर देत गेले. ही उत्तरं आमच्या घरात होती. चुलीजवळ, ओसरीत, सगळीकडे पडलेली होती. त्यांचा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मग त्यांनी मला बाजूला घेतलं. काही घरांमध्ये हे आईकडून लेकीकडे जास्त येतं, म्हणाल्या. जिला मूल झालं नाही तिलाही याचा धोका थोडा अधिक असतो. पण तो कोप नाही, पाप नाही, आणि ज्यांना पोरं आहेत त्यांनाही होतं. कडक गाठ दुखत नाही हेच तिचं वाईट, माणूस गाफील राहतो. गाठ लहान होती तेव्हा आणली असती तर कापून काढता आली असती, कदाचित बाई वाचलीही असती. आता ती बगलेत उतरली आहे, पाठीच्या हाडातही असावी. कापून त्रासच होईल.

"केवढी होती तुम्ही पहिल्यांदा पाहिली तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"बोराएवढी," मी म्हणाले.

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. पुढचं मी सांगितलं नाही. ती बोराएवढी होती तेव्हा आम्ही तिच्या नावानं गूळ वाटला होता.

जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, तू तुझ्याकडे लक्ष ठेव. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी हात फिरवून बघत जा, लग्न झाल्यावरही, पोरं झाल्यावरही. काही लागलं तर त्याच आठवड्यात ये.

परतीच्या गाडीत बाई खिडकीशी बसली होती. तिला सगळं समजलं होतं, डॉक्टरीणबाईंनी तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. मला वाटलं ती आता मरणाचं काही बोलेल, आणि मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते. गोंदिया जवळ आलं तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"मंग ते दूध नोहोतंच का?"

"नाही, बाई."

ती पुन्हा खिडकीकडे वळली. भाताची खाचरं मागे जात होती. "एक दिवसबी नाही?" तिनं विचारलं.

मी तिला काय सांगायला हवं होतं हे मला आजही कळलेलं नाही. मी तिचा हात धरून ठेवला, एवढंच.

होळीनंतर बाई गेली. शेवटी तिच्याही छातीवर कडुलिंबाचा पाला होता. सवतीला मुलगा झाला होता. ती त्याला रोज बाईच्या कुशीत आणून ठेवायची, बाईच्या चांगल्या बाजूला. पोर ते, तोंड लावायचं. बाई त्याला लावू द्यायची. काही मिळालं नाही की ते रडायचं, आणि मग सवत त्याला उचलून घ्यायची. सासू हे सगळं दारातून बघायची. एकदा ती म्हणाली, "नशीब!" मी इतक्या जोरात ओरडले की घरातलं पोर दचकलं. काय ओरडले ते आठवत नाही. पण त्या दिवसापासून म्हातारी माझ्यासमोर काही बोलली नाही.

माझं लग्न अर्जुनीकडे झालं. मला पोरं झाली, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ते मी कधी चुकवलं नाही. घरचे हसायचे. हसोत. मुलगी मोठी झाली तशी तिलाही शिकवलं. ती लाजायची, मग मी चिडायची, आणि आमचं भांडण व्हायचं.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. बाळ थोड्या दिवसांचं होतं आणि एका सकाळी ती म्हणाली, "आई, पाह्य ना, इथं गाठ झाली."

मी हात लावला. शेजारच्या बायका जमल्या आणि सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "दूध गोठलं हाये, दुसरं का राहते? शेक दे, उतरते." माझा नवराही म्हणाला, दूधच असेल. त्या शब्दानं मला कसं झालं ते त्यांना कुठून कळणार? आई, मावशी, बाई, आणि आता ही. एवढं सगळं समजूनसुद्धा मी जिथं उभी होते तिथंच होते, हात एका गाठीवर, आणि भोवती बायका सांगतायत की दूध आहे. आता मी हिला घेऊन गेले तरी काय, आणि तिथं तेच ऐकायला मिळालं तर मी काय करणार होते?

तरी गाडी जुंपायला लावली. बाळाला दुपट्यात गुंडाळलं. छोट्या रुळांच्या रेल्वेनं गोंदियाला निघालो. ती घाबरून माझ्याकडे बघत होती आणि मला तिला धीर देता येत नव्हता. गोंदियात तोवर एक बाई डॉक्टर आली होती. तिनं विचारायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं, आईचं, मावशीचं, बाईचं. तिनं शांतपणे ऐकलं. मग तपासलं. बराच वेळ तपासलं, बगलेतही.

"दुखतंय ना खूप? लाल झालंय, गरम लागतंय, अंगात तापही आहे," ती मुलीला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दूधच आहे, आई. गोठलंय. बाळाला पाजत राहू द्या, शेक द्या. आठ दिवसांत उतरलं नाही तर पुन्हा घेऊन या, मी पुन्हा बघेन."

"नक्की दूध?" मी विचारलं.

"नक्की दूध."

मी तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. तिनं म्हटलं. मुलगी हसायला लागली, बाळ रडायला लागलं, तिनं त्याला पदराखाली घेतलं आणि ते चुटूचुटू प्यायला लागलं. मी तिथंच जमिनीवर बसले आणि इतकी रडले की डॉक्टरीण घाबरली. तिला वाटलं मला कळलं नाही, म्हणून ती खाली वाकून मला पुन्हा पुन्हा सांगत राहिली की रडू नका, दूध आहे, दूधच आहे.